बोलता बोलता ती थांबायची

माझी बायको गेली तेव्हा घरात मीठ कुठल्या डब्यात असतं हे मला माहीत नव्हतं. यात नवल नाही, आमच्याकडच्या पुष्कळ पुरुषांना ते माहीत नसतं. पण मला माझ्याही गोष्टी माहीत नव्हत्या. वर्दीचा पट्टा कुठे आहे, रक्तदाबाची गोळी सकाळची की संध्याकाळची, साहेबांनी बैठक सोमवारी ठेवली की बुधवारी, हे सगळं तिच्या डोक्यात होतं. ती गेली आणि माझं निम्मं डोकं तिच्याबरोबर गेलं, असं मी भेटायला येणाऱ्यांना सांगायचो. लोकांना वाटायचं, दुःखात आहे म्हणून असं बोलतो. ते किती खरं होतं हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

सकाळी अंगणात कपडे वाळत घालताना ती एकदम खाली बसली. डोक्यातली नस फुटली होती. चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिची शुद्ध गेली आणि मग ती परत आली नाही. कोणाच्याही हातात काही नव्हतं, असं डॉक्टरांनी मला आणि मुलीला बसवून समजावून सांगितलं. पन्नाशीही झाली नव्हती तिची. विहारातल्या लोकांनी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम नीट पार पाडला, नातेवाईक आपापल्या गावी गेले, मुलगी नागपूरला तिच्या नोकरीवर परतली. ती तिथे एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. सरकारी क्वार्टरमध्ये मी एकटा उरलो.

मी वनखात्यात आहे. लागलो तेव्हा वनरक्षक होतो, पुढे वनपाल झालो. नोकरीची पहिली कितीतरी वर्षं माझी जंगलात गेली, गडचिरोलीकडे आणि मग गोंडपिपरीच्या भागात. त्या वर्षांत मला कोणी बेजबाबदार म्हटलं नाही. उलट माझं नाव चांगलं होतं. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून कोणीतरी झाडाखालचा पाला पेटवून द्यायचं, वारा सुटला की ती आग डोंगरावर चढायची, आणि मी हातात हिरव्या फांद्यांचा झाडू घेऊन पहिल्या रांगेत असायचो. आग कुठून वळेल, कोणता माणूस दमला आहे, धूर कुठल्या बाजूला झुकतो आहे, हे सगळं मला एकाच वेळी दिसायचं. बाकीचे गोंधळायचे तेव्हा माझं डोकं थंड व्हायचं.

एकदा एका शेतातल्या विहिरीत बिबट पडला. सारं गाव विहिरीभोवती गोळा झालं होतं, लोक मोबाईल उंच करून एकमेकांना ढकलत होते. मी आधी लोकांना मागे घेतलं, मग एका घरातून बाज मागवली, चारही पायांना दोर बांधले आणि ती हळूहळू पाण्यापर्यंत सोडली. बिबट बाजेवर चढला. आम्ही ती थोडी थोडी वर घेतली. काठाजवळ येताच त्याने झेप घेतली आणि तो कपाशीच्या पऱ्हाटीतून निघून गेला. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी खात्याच्या जीपमध्ये बसून खुशीत घरी आलो.

बायकोने दारातच विचारलं, "गाडी कुठी हाय?"

"कोणती गाडी?"

"तुमची. फटफटी. सकाळी घेऊन गेलते न?"

ती मी त्याच शेताच्या बांधावर ठेवून आलो होतो. चावी गाडीलाच लावलेली. तिने कपाळाला हात लावला, मग हसायला लागली. मीही हसलो. तेव्हा आम्ही अशा गोष्टींवर हसत होतो. मुलगी लहान होती आणि तिला ही गोष्ट फार आवडायची. वाघाची, बिबटाची नाही, बाबा गाडी विसरले ती.

पुढे पुढे हसणं कमी झालं. वनपाल झालो आणि काही वर्षांनी चंद्रपूरजवळच्या लाकडाच्या डेपोत बदली झाली. तिथे आग नव्हती, वाघ नव्हता. तिथे सागाचे ढीग होते, प्रत्येक लाकडावर नंबर, नंबराचं माप, मापाची नोंद आणि नोंदीवर वेळेत सही. सकाळी खुर्चीत बसलो की समोरचा कागद मला दिसायचा, वाचताही यायचा, पण दुसऱ्या ओळीवर गेलो की पहिली निसटलेली असायची. मग मी उठायचो. पाणी प्यायचो, बाहेर चक्कर मारायचो, मजुरांशी बोलायचो. परत येऊन बसलो की कागद तिथेच आणि दुपार झालेली. कामाची तारीख अगदी डोक्यावर आली की मात्र अंगात काहीतरी संचारायचं आणि मी सगळं काम एका बैठकीत उरकायचो. त्यात चुका राहायच्या. लोक म्हणायचे, "जंगलात वाघ आहे, टेबलावर शेळी." मीही ते हसण्यावारी न्यायचो.

त्या सगळ्या वर्षांत मला ओढून नेलं ते तिने. ती डी.एड. झालेली होती. लग्नानंतर तिला शिक्षिकेची नेमणूकही मिळाली होती, गोंडपिपरी तालुक्यातल्या एका गावी. तेव्हा मी गडचिरोलीकडे होतो. ती रुजू झाली नाही. "पोरगी लहान हाय," म्हणाली. मी म्हटलं, तुझी मर्जी. तो विषय तिथेच संपला, निदान माझ्यापुरता.

शाळा चालवायला जी शिस्त लागते ती तिने माझ्यावर खर्च केली. सकाळी बूट, पट्टा, डबा, चष्मा दाराजवळच्या स्टुलावर मांडलेले असायचे. कामावर गेल्यावर तिचा फोन यायचा. "अहवाल दिला का?" दुपारी परत, "साहेबाले भेटले का?" डेपोतले लोक म्हणायचे, घ्या, गृहमंत्र्यांचा फोन. मला राग यायचा. मी लहान पोर आहे का, असं तिच्यावर ओरडायचो. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत फोन करायची. न करून चालणार नाही हे तिला माहीत होतं.

मात्र एक गोष्ट तिला सहन व्हायची नाही. ती काही सांगत असली की माझे डोळे तिच्यावर असायचे पण मी तिथे नसायचो. बाहेर एखादा पक्षी ओरडला, रस्त्याने ट्रक गेला, नाहीतर नुसताच एखादा विचार आला की मी त्याच्यामागे गेलेला असायचो. तिला ते लगेच कळायचं. बोलता बोलता ती थांबायची, वाक्याच्या अगदी मधेच.

"सांग न," मी म्हणायचो. "ऐकून राह्यलो."

"काय म्हणत होती मी?"

मला सांगता यायचं नाही.

"राहू द्या," ती म्हणायची. आणि एकदा, मुलगी नागपूरला शिकायला गेली त्या वर्षी, ती म्हणाली, "तुमाले माह्या बोलण्याची किंमत नाई. जंगलात पान हाललं तं तुमाले ऐकू येते. मी घरात बोलतो तं येत नाई." तिचा आवाज चढलेला नव्हता. तिने ते सांगून टाकलं आणि भाजी निवडत बसली. त्यावर मी काय बोललो ते मला आठवत नाही. बहुतेक काहीच नाही.

ती गेल्यानंतरचे महिने फार वाईट गेले. दूध उतू जाऊन गॅस विझायचा आणि मी दुसऱ्या खोलीत असायचो. चावी आतच विसरून मी दार ओढून घ्यायचो आणि शेजाऱ्यांना मागच्या भिंतीवरून उडी मारावी लागायची. डेपोत दोन बैठकांना गेलोच नाही आणि एका मालाची नोंद अर्धी राहिली. साहेबांनी लेखी खुलासा मागवला. तो खुलासा द्यायची तारीखही मी विसरलो. साहेब भले माणूस होते. म्हणाले, "तुमचं दुःख मी समजतो. पण किती दिवस?"

चौकातल्या डॉक्टरांनी मन उदास झालं म्हणून गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी झोप लागायला लागली, जेवण जायला लागलं. बाकी तसंच राहिलं. मुलगी सुट्टी घेऊन आली, घर बघितलं, एक दिवस ते आवरण्यात घालवला. मग म्हणाली, "बाबा, मानसोपचाराच्या डॉक्टरकडे चला."

"मी वेडा झालो का?"

"मी वेड्याचं म्हणून राह्यली का? चला म्हणतो न."

तिचा चेहरा हुबेहूब आईसारखा झाला होता. मी शर्ट बदलला.

चंद्रपूरच्या त्या डॉक्टर बाई वयाने माझ्या मुलीपेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांच्या खोलीत जाताना मी मान खाली घातली होती. बाहेर आमच्या डेपोचा एखादा माणूस बसलेला असेल अशी भीती होती. त्यांनी घाई केली नाही. बायकोबद्दल विचारलं, झोपेबद्दल, दारूबद्दल, मरणाचे विचार येतात का तेही. आधीच्या गोळ्या पाहिल्या. मग म्हणाल्या, "हे विसरणं, कामं अर्धी राहणं, हे त्या गेल्यापासूनच आहे की आधीही होतं?"

"ती गेल्यापासूनच," मी म्हटलं. "ती होती तेव्हा सगळं बरोबर चालायचं."

"कसं चालायचं?"

मी सांगितलं. स्टुलावरचे बूट, फोन, सगळं. सांगताना मला ते कौतुकाचं वाटत होतं. डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं आणि विचारलं, "म्हणजे बरोबर तुमचं चालायचं, की त्या चालवायच्या?"

मुलगी शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, थायरॉईडसाठी. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला सांगितली. आणि म्हणाल्या, तुमच्या लहानपणाबद्दल सांगणारं कोणी आहे का? आईवडील नाहीत, मी म्हटलं. मोठी बहीण आहे चिमूरकडे. त्या म्हणाल्या, त्यांना पुढच्या वेळी घेऊन या.

बाई, म्हणजे माझी बहीण, एस.टी.ने आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत माझ्यासाठी वडे बांधलेले. दवाखान्याचा बोर्ड वाचून ती दारातच घुटमळली. आत गेल्यावर तिला वाटलं, माझ्याविरुद्ध काही तक्रार आहे आणि ती साक्षीला आली आहे. डॉक्टरांनी, "लहानपणी हे कसे होते?" असं विचारताच ती म्हणाली, "चांगला होता जी. माहा भाऊ वाईट नाई."

"वाईट नाहीतच ताई. मला फक्त समजून घ्यायचं आहे. शाळेत कसे होते?"

बाईने जरा वेळ घेतला. मग तिची भीती गेली आणि ती बोलायला लागली. मी माझं लहानपण पहिल्यांदा ऐकत होतो.

"शाळेत हुशार होता. गुरुजी म्हणत, सगळं येते याले पण बसत नाई. पाटी तं रोज इसरे. मी मोठ्या वर्गात होती. घंटा झाली का आधी याच्या वर्गात जाऊन पाहो, पाटी हाय का, टोपी हाय का. दुकानात साखर आणाले धाडलं तं हा नदीवर सापडे. बाबा मारत. मी मधात पडो. ढोरं चाराले नेले तं ढोरं घरी येत, हा येत नसे. मंग मी कंदील घेऊन जाओ. परीक्षेच्या दिवशी मीच उठवो, मीच पेन देओ. कॉलेजले चंद्रपूरले गेला तं तिथी मी नव्हती न. पहिल्याच वर्षी सोडून आला."

ती थांबली. तिच्या मनात काहीतरी जुळत होतं.

"मंग लगीन झालं," बाई हळू म्हणाली. "मले वाटलं, सुटली मी. आधी मी पाहो, मंग ते पाहे." माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबू, तुले कोणी ना कोणी पाहतच आलं रे."

तिने टोमणा मारला नव्हता. तिला आत्ताच ते दिसलं होतं आणि तिने ते बोलून टाकलं.

तपासण्या झाल्या, बरेच प्रश्न झाले, त्यानंतरच्या भेटीत डॉक्टरांनी नाव सांगितलं. एडीएचडी. मी हा शब्द ऐकला होता, पण टीव्हीवर, चुळबुळ करणाऱ्या शहरातल्या लेकरांबद्दल. पन्नाशी ओलांडलेल्या वनपालाला हे असतं हे मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, हे लहानपणापासून असतं, पुष्कळांचं मोठेपणीही जात नाही, आणि आपल्याकडे ते ओळखलंच जात नाही. बुद्धीचा त्याच्याशी संबंध नाही. जिथे तातडी आहे, धोका आहे, तिथे तुमचं लक्ष घट्ट बसतं. जिथे रोजचं, संथ काम आहे तिथे ते टिकत नाही. तुम्ही ठरवून टिकवू म्हटलं तरी टिकत नाही. "म्हणून घरच्यांना वाटतं की याला जमतं पण हा मुद्दाम करत नाही. जंगलात जमतं मग घरात का नाही?"

मी विचारलं, "हे कोणी बोलत असताना मन दुसरीकडे जाणं, तेही यातच येतं का?"

"येतं. का?"

"काही नाही," मी म्हटलं.

त्या दिवशीही बाई बरोबर होती. तिला चिमूरच्या गाडीत बसवायला मी स्टँडवर गेलो. गाडीला वेळ होता. बाकावर बसून आम्ही चहा घेतला. कप खाली ठेवून तिने विचारलं,

"तिनं मास्तरणीची नोकरी काऊन सोडली, तुले माहीत हाय?"

"पोरगी लहान होती न."

"पोरीले मी सांभाळतो म्हनलं होतं. मी तिले सांगतलं, जा तू, पोरगी माह्यापाशी राहीन."

"मंग?"

"म्हने, बाई, मी गोंडपिपरीले राहीन, हे तिकडे एकले. यायले कोण उठवन, यायचा अहवाल कोण पाहीन? यायची नोकरी जाईन. दोघातली एकच राखाची तं यायची राखू." बाईने डोळे पुसले. "तुले सांगू नको म्हने. मी शब्द देल्ला होता. आता ते नाई, कोणाचा शब्द पाळू?"

गाडी लागली. बाई चढली, खिडकीतून वडे वेळेवर खा म्हणाली. गाडी निघून गेल्यावरही मी बाकावरच बसलो. मला बायकोचा राग यायला हवा होता, मला न विचारता एवढं ठरवल्याबद्दल. पण ती मला काय विचारणार होती? तिच्याजवळ या गोष्टीला नावच नव्हतं. तिच्याजवळ फक्त एक नवरा होता, हुशार, धट्टाकट्टा, सगळ्यांना आवडणारा, आणि तो आपलं ऐकत नाही. यातून तिने एकच अर्थ काढला, आपली याला किंमत नाही. दुसरा अर्थ असू शकतो हे तिला कोणी सांगितलं नाही. आणि असा अर्थ काढूनही ती दुसऱ्या दिवशी सकाळी बूट मांडत राहिली.

औषध सुरू झालं. ती गोळी सगळ्या दुकानांत मिळत नाही, चिठ्ठी दाखवूनच मिळते. मुलगी नागपूरहून आणायची. डॉक्टरांनी आधी अगदी कमी सुरू केली, रक्तदाबावर नजर ठेवून हळूहळू वाढवली. तोंड कोरडं पडायचं, दुपारचं जेवण नको वाटायचं. पहिल्या दिवसांत काही कळलं नाही. मग एका सकाळी डेपोत साहेब आम्हा सगळ्यांना पावसाळ्यापूर्वीच्या कामांबद्दल सांगत होते. ते बोलायचे थांबले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं आहे. बाहेर क्रेन घरघरत होती, कोणीतरी मजुराला हाक मारत होतं, हे सगळं मला ऐकू येत होतं पण त्यातलं काहीच मला उचलून नेत नव्हतं. मी खुर्चीत बसलो, कागद घेतला, तो संपवला, दुसरा घेतला. त्यात जादू काही नव्हती. शेजारच्या टेबलावरचा माणूस हेच रोज करत होता. हे बाकीच्यांना इतकं सोपं असतं हे मला त्या दिवशी कळलं.

त्या दिवशी मी आनंदाने घरी यायला हवं होतं. आलो, हातपाय धुतले, आणि तिच्या फोटोसमोर बसलो. आधीही बसायचो, पण दोन मिनिटांत काहीतरी निमित्त होऊन उठायचो. त्या संध्याकाळी उठलो नाही. मन कुठे पळालं नाही. ती गेली आहे ही गोष्ट माझ्यासमोर तशीच राहिली आणि मीही तिच्यासमोर राहिलो. ती जाऊन किती महिने झाले होते, आणि मी तेव्हा पहिल्यांदा रडलो.

पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना विचारलं, हा गोळीचा त्रास आहे का? त्या म्हणाल्या, नाही. तुम्हाला आता थांबता येतं, एवढंच. दुःखासाठी त्यांनी मला त्यांच्याकडच्या समुपदेशकांशी बोलायला सांगितलं. मी जायला लागलो. ते मला दुसऱ्याही गोष्टी शिकवायचे. वस्तूंची एकच जागा ठरवायची, मोबाईलमध्ये गजर लावायचे, मोठं काम तुकडे करून करायचं. एक दिवस ते म्हणाले, सकाळी लागणाऱ्या वस्तू आदल्या संध्याकाळीच दाराजवळ ठेवत जा. मी म्हटलं, हे मला माहीत आहे.

मी एकदा डॉक्टरांना विचारलंच. "हे वीस वर्षांपूर्वी कळलं असतं तर?"

त्यांनी मला खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, "तर पुष्कळ सोपं झालं असतं, तुम्हाला आणि त्यांनाही. पण तेव्हा तुम्ही कोणाकडे गेला असता? आणि का गेला असता? तुमचं चालत होतं."

चालत होतं, हे खरं. तेच तर वाईट झालं. माझं काही बिघडलं असतं, नोकरी गेली असती, तर कदाचित कोणी विचारलं असतं की या माणसाला होतं काय. तिने काही बिघडू दिलं नाही.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो तिच्या अर्ध्या राहिलेल्या बोलण्याचा. मी आठवायचा प्रयत्न करतो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून ती काहीतरी सांगायला लागायची. तिच्या माहेरचं असेल, तिला एखादी शाळा दिसली असेल, तिच्या पाठीचं दुखणं असेल. मला तिचा चेहरा आठवतो, हातातली विळी आठवते, बाहेर कुठला पक्षी ओरडत होता तेही आठवतं. शब्द आठवत नाहीत. समुपदेशक म्हणाले, आठवणी हळूहळू येतील. पण या येणार नाहीत. विसरलेलं परत येऊ शकतं. हे माझ्यापर्यंत कधी आलंच नव्हतं. पंचवीसेक वर्षं माझ्याजवळ बोललेल्या बायकोच्या मनात काय होतं, त्यातलं फार थोडं माझ्याकडे आहे.

डेपोतलं प्रकरण नंतर मिटलं. मी खुलासा दिला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडायचं की नाही यावर बरेच दिवस घालवले, आणि शेवटी जोडलं. काही लोक हसले. काहींनी बाजूला घेऊन हळूच विचारलं, कुठे असतात त्या डॉक्टर, माझ्या भावाला दाखवायचं आहे. साहेबांनी मला परत जंगलाकडे बदली मागायला सुचवलं. मी मागितली नाही. टेबलाचं काम मला आता जमतं आहे आणि निवृत्तीपर्यंत ते नीट करायचं असं मी ठरवलं आहे. रोज जमतं असं नाही. गोळी म्हणजे काही बायको नव्हे, असं मी एकदा डॉक्टरांना म्हणालो. त्या हसल्या, मग हसू आवरलं.

मुलगी रोज सकाळी फोन करायची. "बाबा, गोळी घेतली? गॅस पाह्यला? आज बैठक हाय न?" बरेच महिने मला ते बरं वाटत राहिलं. मग बाईचं ते बोलणं आठवलं, कोणी ना कोणी पाहतच आलं, आणि मी घाबरलो. मुलीसाठी स्थळं येत होती आणि ती एकेकाला नाही म्हणत होती. कारण विचारलं तर म्हणायची, मंग पाहू.

मी तिला म्हटलं, "उद्यापासून मला आठवण करून देऊ नको."

"काऊन? राग आला का?"

"राग नाही. मी गजर लावले आहेत. एखादी गोष्ट चुकली तर चुकू दे. माझी नोकरी जात नाही आता. गेली तरी ती माझी जाईल."

मग ती म्हणाली, "मंग फोन करून बोलू तं काय बोलू?"

तिने ते अगदी सरळ विचारलं होतं. आम्हा दोघांमध्ये दुसरं बोलणंच नव्हतं. "तुझ्या वॉर्डातलं सांग," मी म्हटलं. "काल कोण पेशंट होते?"

ती आधी अडखळत बोलली. मग भामरागडकडून आलेल्या एका म्हातारीबद्दल सांगायला लागली. तिला फक्त माडिया भाषा यायची, वॉर्डात कोणाला ती कळत नव्हती, आणि ती हिचा हात धरून सोडत नव्हती. मी ऐकत होतो. मधे एकदोन प्रश्न विचारले. तिला घाईने ड्युटीवर जावं लागलं तेव्हा ती म्हणाली, "बाकीचं उद्या सांगतो."

फोन ठेवून मी अंगणात येऊन बसलो. ऊन वर आलं होतं आणि कामावर निघायला वेळ होता. एवढं साधं होतं हे. कोणी बोलत असताना आपण तिथे असणं. ते जिच्याजवळ जमायला पाहिजे होतं तिच्याजवळ जमलं नाही, आणि का जमलं नाही हे तिला सांगायचं राहून गेलं.